कावळा बसला म्हणून फांदी मोडली? दातांच्या उपचारातली चूक आणि झालेली इजा यांचा दुवा तज्ज्ञाच्या पुराव्यानं कसा जोडायचा

"वकीलसाहेब, दाढ काढायच्या आदल्या दिवसापर्यंत माझा ओठ चांगला होता. दाढ काढली आणि तेव्हापासनं बधिर आहे. आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

कोल्हापुरात ग्राहक आयोगासमोर काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. विचारणारा खोटं बोलत नसतो. त्याचा त्रास खरा असतो, झालेला खर्च खरा असतो आणि रागही खरा असतो. तरीही सगळंच सिद्ध करायचं राहिलेलं असतं, कारण समोरचा वकील उभा राहून एकच म्हण ऐकवतो: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ. आधी दाढ काढली, नंतर ओठ बधिर झाला, हा झाला क्रम. क्रम म्हणजे कारण नव्हे, आणि कारण दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी अशी एक तक्रार हरलो. माझ्याकडे एका डॉक्टरांचं पत्र होतं, त्यात एकच ओळ: 'उपचारात निष्काळजीपणा दिसून येतो.' पुढे का, कसा, आणि त्या निष्काळजीपणामुळेच ही इजा झाली हे कशावरून, यातलं काहीच नव्हतं. त्या बाईंचं नुकसान मी भरून देऊ शकलो नाही. तेव्हापासून तक्रारीचा मसुदा लिहायच्या आधी मी तज्ज्ञाचे प्रश्न लिहून काढतो. ते कसे लिहायचे आणि त्यांच्या आधी-नंतर काय करायचं, ते इथं मांडतो आहे.

चूक वेगळी, कारण वेगळं

लंडनमधला एक जुना खटला मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. रात्रपाळीचे तीन पहारेकरी चहा प्यायले आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. ते चेल्सीच्या रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरनं त्यांना न तपासताच 'घरी जा, आपल्या डॉक्टरला दाखवा' असा निरोप दिला. काही तासांत त्यांतला एक जण गेला. चहात आर्सेनिक होतं. १९६८ च्या निकालात न्यायालयानं डॉक्टरची चूक स्पष्ट शब्दांत मान्य केली, पण विधवेचा दावा फेटाळला. तपासलं असतं तरी उतारा वेळेत देता आला नसता, माणूस वाचला नसता, असं तज्ज्ञांच्या साक्षीतून दिसलं. चूक होती, मृत्यू होता, मधला दुवा नव्हता.

म्हणजे आपल्याला चार गोष्टी दाखवायच्या असतात: डॉक्टरांवर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्यांनी पाळली नाही, आपल्याला इजा झाली, आणि ती इजा न पाळलेल्या त्याच जबाबदारीमुळे झाली. पहिली गोष्ट केसपेपरवर सिद्ध होते. तिसरी आपण अंगावर घेऊन आलेलो असतो. दुसरीवर सगळे भांडतात. चौथीकडे कुणी पाहत नाही, आणि तक्रारी तिथेच पडतात.

मोजमाप मात्र फौजदारी खटल्याइतकं कडक नाही. 'शंकेला जागाच नको' असं इथं कुणी मागत नाही. शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की पुरे. चूक झाली नसती तर ही इजा बहुधा झाली नसती, एवढं तज्ज्ञानं कारणांसह म्हणायला हवं. 'बहुधा' या शब्दाला इथं सोन्याची किंमत आहे. 'होऊ शकते' म्हटलं तर पारडं जागचं हलत नाही.

समजण्यासाठी एक नमुना

पुढचं सगळं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, कुणा एका पक्षकाराचं नाही. कागल तालुक्यातल्या एका शाळेच्या बाई, वय बेचाळीस, मधुमेह आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. उजवीकडची खालची अक्कलदाढ अधूनमधून दुखायची. शहरातल्या एका दवाखान्यात भूल देऊन ती काढली. एक्स-रे काढला होता तो छोटा, दाढेपुरता. त्यात मुळांची टोकं पूर्ण आलेली नव्हती. काढायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीही खालचा ओठ आणि हनुवटी उजवीकडून बधिर. त्यांनी व्हॉट्सॲपवर कळवलं, उत्तर आलं: 'येईल हळूहळू, काळजी करू नका.' आठ महिने झाले तरी तसंच. पाणी पिताना ओघळतं, तांबडा रस्सा ओठावरून हनुवटीवर आला तरी कळत नाही, जेवताना ओठ चावला जातो.

वैद्यकीय बाजू थोडक्यात अशी. खालच्या जबड्याच्या हाडातल्या नळीतून एक नस जाते. खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना तिच्याकडे असते. ओठ हलवण्याचं काम तिचं नाही, म्हणून ओठ वाकडा होत नाही, फक्त जाणीव जाते. काही जणांत अक्कलदाढेची मुळं या नळीला टेकलेली असतात. जिभेची नस निराळी, ती दाढेच्या आतल्या बाजूनं जाते. हा फरक वकिलालाही पाठ हवा. पक्षकाराची जीभ बधिर असेल आणि ओठ ठीक असेल, तर हाडातल्या नळीवरचा सगळा युक्तिवाद वाया जातो.

आणि कटू असलं तरी हेही सांगायला हवं: निष्णात हातांतही या नसेला इजा होऊ शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. कायमची जाण्याचं प्रमाण साधारणपणे शंभरात एकाहून कमी सांगितलं जातं. म्हणून 'इजा झाली' एवढ्यावर चूक सिद्ध होत नाही, मग कारण तर दूरच.

पुरावा ताजा असताना

दुव्याचा निम्मा पुरावा पहिल्या महिन्यात तयार होतो आणि बहुतेकांचा त्याच महिन्यात हरवतो.

सर्वांत आधी काढलेला दात मागा. लोकांना हे विचित्र वाटतं. पण नस मुळाला घासून किंवा मुळांच्या मधून गेली असेल तर मुळावर खाच दिसू शकते, आणि तुकडे करून दाढ काढली असेल तर कुठे कापलं हेही दिसतं. दवाखाना दात कचऱ्यात टाकतो, त्यामुळे त्या दिवशी नाही मागितला तर गेला. मिळाला तर डबीत घाला, तारीख लिहा आणि तसाच ठेवा.

मग कागद. केसपेपर, संमतिपत्र, सगळे एक्स-रे, ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा मोठा एक्स-रे), औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या. लेखी अर्ज करा आणि पोच ठेवा. हातोहात दिला तर दुय्यम प्रतीवर सही-शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टनं पाठवून वितरणाचा पुरावा जपा. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेतही नोंदी ठेवणं हे कर्तव्य आहे. अर्जाला उत्तरच आलं नाही, तर तेही पुढे उपयोगी पडतं: नोंदी ज्याच्या ताब्यात, त्यानं त्या दडवल्या तर आयोग त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतो. एक्स-रेची छापील प्रत घेऊन थांबू नका, मूळ डिजिटल फाइल मागा. सीबीसीटीची, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनची, तर फाइलच हवी, कारण तज्ज्ञाला ती संगणकावर थराथरानं फिरवून पाहायची असते. कागदावर छापलेल्या चार चित्रांवरून तो ठाम बोलणार नाही.

बधिर भागाची हद्द स्केचपेननं चेहऱ्यावर आखा आणि फोटो काढा. दर पंधरा दिवसांनी हेच करा. शक्यतो ओरल सर्जनकडून पहिल्या काही आठवड्यांतच तपासणी करून घ्या: कापसाचा स्पर्श, टाचणीचं टोक, दोन टोकं किती अंतरावर वेगळी जाणवतात, उजवी-डावी तुलना. या नोंदीमुळे दोन प्रश्न सुटतात. इजा कोणत्या नसेची, आणि ती सुधारते आहे की जागीच आहे.

व्हॉट्सॲपचं संभाषण पुसू नका, फोन बदलायची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळचा तो निरोप दुव्याच्या दृष्टीनं फार मोठा आहे. खालच्या जबड्याच्या नेहमीच्या भुलेचा परिणाम काही तासांत ओसरतो. भूल उतरायच्या वेळेनंतरही बधिरपणा राहिला, मधे दुसरं काही घडलं नाही, हे त्या निरोपाच्या वेळेवरून दिसतं. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोगाला साक्षीचे नियम काटेकोर लागू नसले तरी समोरच्याला हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची?

यानंतर एका कोऱ्या पानावर तारीखवार घटना लिहा. वेळ आठवत असेल तर तीही. तुमच्याविरुद्ध जाणारी गोष्ट गाळू नका. टाके काढायला गेला नसाल, अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला असेल, मधे दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊन काही करून घेतलं असेल, सगळं लिहा. हे तुमच्या तज्ज्ञाला पहिल्यांदा उलटतपासणीत कळलं, तर त्याचं मत तिथेच ढासळतं.

'येईल हळूहळू' आणि दोन वर्षं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. नसेच्या इजेत इथेच घात होतो. डॉक्टर धीर देतात, माणूस वाट बघतो, दीड वर्ष सरतं, मग तज्ज्ञ शोधायला चार महिने. एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात, डॉ. व्ही. एन. श्रीखंडे यांच्या खटल्यातल्या २०१० च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं फरक सांगितला: इजेचा परिणाम उघड असेल तर मुदत त्या दिवसापासून, लपलेला असेल तर तो कळला किंवा वाजवी दक्षतेनं कळायला हवा होता तेव्हापासून. बधिर ओठ पहिल्या दिवसापासून उघड असतो. म्हणून मुदत दाढ काढलेल्या दिवसापासून धरा. उशीर माफ होतो, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि तो भरवसा धरून बसू नये.

आधी आपणच आपल्याविरुद्ध बोलावं

तज्ज्ञाकडं जायच्या आधी मी पक्षकाराला समोर बसवतो आणि समोरच्या वकिलाच्या भूमिकेतून विचारतो: ताई, ओठ बधिर व्हायला दुसरं काय कारण असू शकतं? मधुमेहानं नसा खराब होतात ना? दाढेला आधीच मोठं इन्फेक्शन होतं का? आधी कधी हनुवटीला मुंग्या यायच्या का? जबड्यात गाठ होती का? नंतर दुसरीकडं इंजेक्शन घेतलं का?

राग येतो. पण हे प्रश्न येणारच असतात. आपल्या नमुन्यात मधुमेहाचं उत्तर देता येतं. मधुमेहाचा नसांवरचा परिणाम बहुतेक वेळा दोन्ही पायांपासून सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. एका रात्रीत, एकाच बाजूला, बरोबर एका नसेच्या हद्दीत तो येत नाही. शस्त्रक्रियेच्या आसपासचा एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा) रिपोर्ट जोडला की हा मुद्दा बराचसा मिटतो. पण हेच उत्तर इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दाताचा आधार) हललं किंवा जखम चिघळली अशा तक्रारीत चालणार नाही. तिथे अनियंत्रित साखर, तंबाखू, सिगारेट ही खरीखुरी पर्यायी कारणं आहेत. मिश्री लावणाऱ्या किंवा मावा खाणाऱ्या पक्षकारानं हे वकिलापासून लपवू नये.

पर्यायी कारणांची ही यादी तज्ज्ञाला द्या आणि प्रत्येकावर लेखी मत मागा. तज्ज्ञानं स्वतःहून दुसरी कारणं तपासून बाजूला सारली असतील, तर त्याचं मत समोरच्याला खोडणं जड जातं.

तज्ज्ञ कुठे शोधायचा

कोल्हापुरातली खरी अडचण इथे आहे. राजारामपुरी-शाहूपुरीत पाट्या पुष्कळ, पण एकाच शहरातले दंतवैद्य एकमेकांना ओळखतात, एकाच संघटनेत असतात, एकमेकांकडं पेशंट पाठवतात. खासगीत 'चुकलंच आहे' म्हणणारे लेखी द्यायला कचरतात. मी त्यांना दोष देत नाही, फक्त वेळ घालवू नका म्हणतो. जिल्ह्यात नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे, शिवाय सांगली, कराड आणि सीमेपलीकडं बेळगावात आहेत. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गावाबाहेरचा शिकवणारा तज्ज्ञ मिळाला तर त्याच्या मताला वजनही येतं.

विषय जुळायला हवा. दाढ काढताना नस दुखावली तर ओरल सर्जन, रूट कॅनालला एंडोडॉन्टिस्ट, कॅप-कवळीला प्रोस्थोडॉन्टिस्ट. केवळ एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहे म्हणून भलत्या शाखेचा तज्ज्ञ उभा केला तर पहिल्याच प्रश्नात तो अडचणीत येतो.

नंतर उपचार करणारा डॉक्टर आणि मत देणारा तज्ज्ञ यांत गल्लत करू नका. पहिला सांगतो की 'माझ्याकडं आले तेव्हा हे दिसलं.' तो घटनेचा साक्षीदार, आणि फार मोलाचा. पण आधीच्या डॉक्टरनं काय करायला हवं होतं आणि तसं केलं असतं तर काय झालं असतं, यावर मत द्यायला त्यानं आधीचे सगळे कागद पाहिलेले असायला हवेत. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते, मात्र तिचं शपथपत्र दोन भागांत लिहून घ्या.

फी ठरवून द्या, पावती घ्या. 'केस जिंकलो तर इतके' असला करार कधीही करू नका.

कुणीच तयार नसेल तर आयोगाकडंच अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(९) खाली आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे, कागद आणि वस्तू हजर करायला लावण्याचे, शपथपत्रावर पुरावा घेण्याचे आणि योग्य ठिकाणाहून तपासणीचा अहवाल मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्याआधारे शासकीय रुग्णालय किंवा महाविद्यालयाचं मत मागवता येतं. इथं एक खड्डा आहे. आयोगाच्या पत्रात नुसतं 'निष्काळजीपणा झाला आहे काय?' एवढंच गेलं, तर उत्तरही एका ओळीचं येतं, आणि बरेचदा ते 'दिसून येत नाही' असं असतं. शिवाय निष्काळजीपणा होता का हे ठरवणं तज्ज्ञाचं काम नाही, आयोगाचं आहे. म्हणून अर्जासोबत प्रश्नांची यादी जोडा आणि तीच पाठवावी अशी विनंती करा.

तज्ज्ञाला काय विचारायचं

आपल्या नमुन्यासाठी मी असे प्रश्न काढीन.

एक: तपासणीवरून कोणती नस बाधित आहे, आणि सोबतच्या नोंदींवरून शस्त्रक्रियेआधी तिची संवेदना शाबूत होती असं म्हणता येईल का?

दोन: दाढ काढताना ही नस कोणकोणत्या प्रकारे दुखावू शकते? इंजेक्शनची सुई, मुळाचा दाब, हाड कापण्याचं यंत्र, नळीत गेलेला मुळाचा तुकडा. यांपैकी इथं कोणता प्रकार अधिक संभवतो आणि का? (सुईनं झालेल्या इजेत डॉक्टरची चूक दाखवणं अवघड असतं, त्यामुळे बचावाची बाजू बहुतेक वेळा इकडेच वळते.)

तीन: शस्त्रक्रियेआधी ओपीजी काढला असता तर त्यात काय दिसलं असतं? या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आत्ता ओपीजी किंवा सीबीसीटी काढून घ्या. नळीचा मार्ग बदलत नाही, आणि दाढेच्या रिकाम्या खळीचा आकार काही महिने तरी ओळखू येतो. मुळावर नळी आडवी आली तिथे मूळ काळपट दिसणं, नळीची पांढरी रेघ तुटणं, नळीनं एकदम वळण घेणं ही ओपीजीवरची धोक्याची चिन्हं आहेत. तज्ज्ञानं ती आधीच्या छोट्या एक्स-रेत, दातावर आणि नव्या चित्रात शोधायची.

चार, आणि सगळी तक्रार यावर उभी आहे: धोका आधी दिसला असता तर सामान्य कौशल्याच्या, सावध दंतवैद्यानं वेगळं काय केलं असतं, आणि त्या वेगळ्या मार्गानं ही इजा बहुधा टळली असती का? 'सीबीसीटी काढायला हवा होता' एवढं म्हणून तज्ज्ञ थांबला तर दुवा लोंबकळत राहतो. सीबीसीटी नस वाचवत नाही, त्यावरून बदललेला निर्णय वाचवतो. तो निर्णय कोणता, हे नाव घेऊन लिहून घ्या. ओरल सर्जनकडं पाठवणं, दाढेचे तुकडे करून काढणं, वरचा भाग काढून मुळं जागेवर ठेवणं, किंवा दाढ काढायचीच नाही. दाढ पूर्ण किडलेली, पू झालेली, काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं असेल तर शेवटचा पर्याय गळतो आणि आपली बाजू तितकी हलकी होते. हे आधी कळलेलं बरं.

पाच: दुसऱ्या दिवशी बधिरपणा कळवल्यावर लगेच तपासणी आणि एक्स-रे केला असता, तर नळीत दाबणारं काही सापडलं असतं का? ते तेव्हा काढलं असतं तर आजची स्थिती बरी असती का? हा वेगळा, स्वतंत्र दुवा आहे. पहिला तुटला तरी हा टिकू शकतो. इम्प्लांट नसेवर टेकलं अशा तक्रारीत तर हाच मुख्य असतो, कारण तिथे इम्प्लांट लवकर काढण्याला फार महत्त्व असतं.

सहा: मधुमेह, इन्फेक्शन, गाठ, नंतरचे उपचार यांपैकी प्रत्येक कारण इथं संभवतं का?

सात: इजा आता कायमची आहे का, आणि पुढचा कोणता खर्च याच इजेमुळे आहे? जुन्या किडलेल्या दुसऱ्या दाढेचं रूट कॅनाल त्या बिलात घुसडू नका. एक खोटा खर्च दहा खऱ्या खर्चांवर शंका आणतो.

अहवाल कसा हवा

रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल, २००९. हा निकाल तज्ज्ञाच्या हातात द्या. सर्वोच्च न्यायालयानं तिथे सांगितलं की तज्ज्ञाचं मत सल्ल्याच्या स्वरूपाचं असतं. त्यानं आधार घेतलेली माहिती आणि कारणं समोर ठेवायला हवीत, म्हणजे न्यायालयाला स्वतःचा निष्कर्ष काढता येईल. म्हणून अहवालात तज्ज्ञाचं शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि असे किती उपचार स्वतः केले हे यावं. पाहिलेल्या प्रत्येक कागदाची यादी यावी, न मिळालेल्या कागदांचीही. तपासणीची तारीख, निष्कर्ष, मग कारणं, आणि शेवटी मत. मत आपल्याला न आवडणारं असलं तरी ते बदलून मागू नका. तज्ज्ञानं 'दुवा दिसत नाही' म्हटलं तर दुसऱ्याकडं एकदा जरूर जा, पण दोघांनी तेच सांगितलं तर पक्षकाराला खरं सांगा.

प्रत्येक इजेचा दुवा निराळा

रूट कॅनाल करताना दाताच्या आत बारीक फाइल तुटली, ही नेहमीची तक्रार. तुटलेला तुकडा एक्स-रेत चमकतो, त्यामुळे पक्षकाराला केस जिंकल्यासारखी वाटते. पण मुळाशी आधी इन्फेक्शन नसेल तर तुकडा आत राहूनही दात चांगला टिकू शकतो. खरा प्रश्न तुकडा कधी तुटला हा आहे: मुळातली नळी साफ होण्याआधी की नंतर? तुकड्याच्या पलीकडचा भाग साफ झालाच नसेल आणि तिथेच गळू झालं असेल, तर दुवा जुळतो. गळू दुसऱ्याच मुळाला असेल तर नाही. तुकडा राहिला हे रुग्णाला न सांगणं ही स्वतंत्र चूक, तिची भरपाई स्वतंत्र मागा.

तोंडातला न भरणारा व्रण महिनोन्‌महिने 'दात घासतोय' म्हणून सोडून दिला आणि पुढे कॅन्सर निघाला, अशा तक्रारी तंबाखूच्या या पट्ट्यात दुर्दैवानं येतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासायला हवा, हे चूक दाखवायला पुरतं. पण कॅन्सर डॉक्टरनं केलेला नसतो. दाखवायचं ते इतकंच की उशिरामुळे आजाराचा टप्पा पुढे गेला, जबड्याचं हाड काढावं लागलं, रेडिएशन वाढलं. पहिल्या भेटीतला फोटो किंवा व्रणाच्या आकाराची नोंद इथं सगळं ठरवते, आणि दंतवैद्यासोबत कॅन्सर सर्जनचं मतही लागतं. १९८७ च्या हॉटसन खटल्यात एका मुलाच्या मांडीच्या हाडाचं निदान पाच दिवस उशिरा झालं, पण निदान वेळेवर झालं असतं तरी पंचाहत्तर टक्के शक्यतेनं तेच अपंगत्व आलं असतं असं निघालं, आणि इंग्लंडच्या सर्वोच्च पीठानं त्याचा दावा नाकारला. शक्यता निम्म्याच्या कोणत्या बाजूला, यावर माणसाचं आयुष्यभराचं नुकसान तोललं जातं.

चुकीचा दात काढला, म्हणजे कागदावर ४६ लिहिलं होतं आणि ३६ काढला, तर दुवा उघड आहे. उजव्याऐवजी डावी दाढ गेली हे आरशातही दिसतं. अशा वेळी तज्ज्ञावर पैसे घालवू नका. व्ही. किशन राव यांच्या २०१० च्या निकालात मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं तिथे स्पष्ट केलं. पण नस, हाड, इन्फेक्शन असा विषय आला की त्या निकालावर विसंबून तज्ज्ञाविना जाऊ नका. नुसता तक्रारीतला आरोप हा पुरावा नसतो, हे सी. पी. श्रीकुमार प्रकरणात २००९ मध्येच सांगितलेलं आहे.

आयोगासमोर

दातांच्या उपचाराला दिलेली रक्कम क्वचितच पाच लाखांवर जाते, आणि तिथपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे उपचार पुण्यात घेतले असले तरी तुम्ही कोल्हापूरचे असाल तर इथेच. तज्ज्ञाचं शपथपत्र शक्यतो तक्रारीसोबतच द्या. वि.प.चं (विरुद्ध पक्षाचं, म्हणजे डॉक्टरांचं) म्हणणं तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत आलं पाहिजे. घटनापीठानं २०२० मध्ये ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे.

आयोगाचं काम मुख्यतः शपथपत्रांवर चालतं, त्यामुळे समोरचा तज्ज्ञ सही करून मोकळा होतो. त्याला तसं जाऊ देऊ नका. जे. जे. मर्चंट प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखी प्रश्नावली, व्हिडिओ कॉन्फरन्स किंवा कमिशन नेमून तज्ज्ञाची उलटतपासणी घेण्याचा मार्ग मोकळा ठेवला. मी लेखी प्रश्नावली देतो, आठ-दहा प्रश्नांहून जास्त नाही. 'ही ज्ञात गुंतागुंत आहे' असं त्यांच्या शपथपत्रात हमखास असतं. तिथे वाद घालू नका. एवढंच विचारा: ज्ञात आहे म्हणूनच आधी ओपीजी काढतात ना? या रुग्णाचा काढला होता का? नळी मुळाला टेकलेली आहे हे माहीत असतं तर तुम्ही स्वतः ही दाढ साध्या पद्धतीनं काढली असती का? संमतिपत्राचा बचाव आला तर त्यात ओठाच्या कायम बधिरपणाचा उल्लेख मराठीत आहे का ते बघा. धोक्याला दिलेली संमती म्हणजे निष्काळजीपणाला दिलेली संमती नव्हे.

युक्तिवादाच्या दिवशी तारखांचं ते एक पान पुन्हा वर काढा आणि प्रत्येक तारखेसमोर तज्ज्ञाच्या अहवालाचा परिच्छेद क्रमांक लिहून सदस्यांच्या हातात द्या.

निकाल विरुद्ध गेला तर पंचेचाळीस दिवसांत अपील. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसू लागलं, तेव्हापासून पक्षकार विचारतात की अपील आता इथेच का? नाही, जिल्हा आयोगाविरुद्धचं अपील राज्य ग्राहक आयोगाकडंच जातं. अपिलात नवा तज्ज्ञ सहजासहजी आणता येत नाही, त्यामुळे वर जाणारा कागद बहुतेक वेळा तोच असतो, जो तुम्ही खाली पहिल्या दिवशी दाखल केला होता.